सदाफुलीखालचा खड्डा

“त्या खड्ड्यात एक दिवसाआड बादलीभर पाणी टाकत जा, ताई. इसरू नका.”

धम्मपालकाका हे म्हणाले तेव्हा त्यांचा एक पाय चपलेत होता नि एक उंबऱ्यावर. सुलेखाच्या कडेवर तिची लेक मैत्री रडत होती, गॅसवर दूध वर यायला लागलं होतं, आणि नळाला पाणी येऊन सहा दिवस झाले होते. मुकुंदवाडीतल्या त्यांच्या गल्लीला आठव्या दिवशी पाणी येतं. कधी कधी नववाही उजाडतो. घरातलं पिंप, हंडे, पोरीचा आंघोळीचा टबसुद्धा भरून ठेवलेला असतो, आणि कशात किती उरलंय हे सुलेखाला कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. त्या घरात बादलीभर पाणी मातीत ओतायचं, तेही एक दिवसाआड. काका चांगले होते, पण त्यांच्या घरी बोअर होती.

“हो काका, टाकते,” असं म्हणून ती दुधाकडे धावली.

मागून काका अजून काहीतरी सांगत होते, “आन नळाचंच पाहिजे असं काय नाय, ताई, ते आपलं...” पण तोवर दूध उतू गेलं, पोरीनं सूर वाढवला, आणि पुढचं वाक्य दारातच राहिलं. ओटा पुसून ती बाहेर आली तेव्हा काकांची मोटारसायकल कोपऱ्यावरून वळली होती.

मार्चचा पहिला आठवडा होता तो.

काका आले होते सासऱ्यांच्या गाण्याच्या सेटसाठी. सासरे, म्हणजे सांडूबाबा, यांनी उभं आयुष्य लाऊडस्पीकरच्या धंद्यात काढलं. करमाडपासून शेंद्र्यापर्यंत कुठं लग्न असो, जयंती असो, नाहीतर कुणी गेल्यावरची पुण्यानुमोदनाची सभा असो, बांबूवर कर्णे चढवायला सांडूच लागायचा. चाळीस वर्षं त्या कर्ण्यांच्या तोंडाशी बसून दोन्ही कान गेले. कान गेले तरी धंद्याची एक सवय राहिली. मशीनवाल्याचा हात कार्यक्रमभर अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्यावर असतो. पत्रा किती तापलाय, कर्णा फाटायला आलाय का, हे त्याला कानाआधी तळहात सांगतो. ऐकू येईना झाल्यावर बाबा त्याच तळहातानं गाणं ऐकायला लागले.

गाणं म्हणजे सासूबाईंचं. मनकर्णाबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. हंगाम नसला की बाबा माइक तपासायच्या निमित्तानं तिला समोर बसवायचे. “मला मेलीला काय येतंय,” असं म्हणत ती बसायची आणि अर्धा-अर्धा तास ओव्या म्हणायची. तसल्या नऊ कॅसेटी घरात होत्या. सम्यकनं, म्हणजे सुलेखाच्या नवऱ्यानं, त्या मोबाइलवर उतरवून दिल्या, कानातलं यंत्रही आणलं. बाबांनी दोन दिवस लावलं आणि काढून ठेवलं.

“त्यात तुझी माय डब्यात बसून बोलल्यावानी वाटती,” ते म्हणाले. “ती काय डब्यात बसायची बाई व्हती का?”

तेव्हापासून मागच्या खोलीत त्यांचा जुना सेट मांडलेला होता. खाली लाकडी पेटीतला मोठा स्पीकर, त्यावर अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे बाबांचं ‘मशीन’, बाजूला टेप. रोज सकाळी बुद्धवंदना झाली की हात-पाय धुऊन बाबा फरशीवर मांडी घालायचे, कॅसेट लावायचे आणि उजवा तळहात मशीनच्या पत्र्यावर ठेवायचे. खालच्या पेटीतला सूर पत्र्यात चढायचा आणि पत्र्यातून हातात. कुठली ओवी चालू आहे ते ते बरोबर सांगायचे. सुलेखानं एकदा परीक्षाही घेतली होती. सातातल्या सात.

फेब्रुवारीत गल्लीच्या खांबावरची न्यूट्रलची तार तुटली आणि सगळ्या ओळीत वीज उसळली. शेजारच्या लीलाबाईंचा टीव्ही नि फ्रीज एका क्षणात गेले. लीलाबाई दारात उभ्या राहून सांगायच्या, “टीव्ही गेला त्याचं काय नाय गं, त्याच्यावर बातम्याच वाईट लागत व्हत्या. फ्रीज गेला त्याचं वाईट वाटतंय.” हसू आलं सगळ्यांना, पण सम्यकला धास्ती बसली. टेप जळला तर तसला कुठं मिळणार, मशीन जळलं तर बाबा काय हात लावून बसणार. तो एक स्टॅबिलायझर घेऊन आला आणि त्याच्या जोडीला विजेची उसळी अडवणारी एक काळी पेटी. पेटीवर हिरवा दिवा. दिवा लागलेला असेल तर सेट सुरक्षित, असं कागदावर लिहिलं होतं.

ते जोडायला बाबांचे जुने जोडीदार धम्मपालकाका आले. जोडून झाल्यावर त्यांनी होल्डरमधला साधा बल्ब घेतला, एक तार फेजला लावली, दुसरी अर्थिंगच्या भोकात. बल्ब लख्ख पेटायला हवा होता. तो आजारी माणसाच्या डोळ्यासारखा लालसर लागला. काकांनी मान हलवली आणि ते मागच्या अंगणात गेले. न्हाणीच्या भिंतीला लागून एक सदाफुली होती आणि तिच्या बुडाशी सिमेंटची छोटी चौकट. घर बांधलं तेव्हा बाबांनी नि काकांनी मिळून खणलेला अर्थिंगचा खड्डा. तांब्याची पट्टी, मीठ आणि कोळसा.

“वाळलंय सगळं,” काका म्हणाले. “हे बघ सम्यक. तुझी ही काळी पेटी काय करती? जास्तीची वीज आली की या तारंनं जमिनीत सोडून देती. नालीवाणी. आन नाली पुढं बुजलेली आसंल, तर पाणी कुठं जाईल?”

“घरात,” सम्यक म्हणाला.

“मंग. जमीन कोरडी म्हंजी नाली बुजलेली. हा खड्डाच नवा करू. आन मेनजवळ एक स्विच टाकू, कुठं वीज गळायला लागली की आपोआप पडणारा.”

“पावसाळ्याआधी करून टाकू काका. सध्या शेंद्र्याला कंपनीत डबल शिफ्ट चालूये.”

“तवर पाणी टाका मग,” काका म्हणाले. आणि निघताना दारातून पुन्हा सुलेखाला म्हणाले, ते वर आलंच आहे.

सुलेखाचं बीएस्सी फिजिक्समध्ये झालं होतं. काका काय म्हणतायत हे तिला त्या घरात सगळ्यात चांगलं कळलं होतं. पुढं पुढं तिला हेच जास्त लागत राहिलं. कळलं नसतं तर गोष्ट वेगळी होती.

आणि ती बेफिकीर तर मुळीच नव्हती. उलट तिच्या जपण्याची गल्लीत थट्टा व्हायची. मैत्री रांगायला लागल्यावर तिनं घरातल्या खालच्या प्रत्येक सॉकेटला प्लास्टिकची टोपणं बसवली होती. टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज चिकटवला होता. दिवसातून चार वेळा ती फरशीवर बसून पोरीच्या नजरेच्या उंचीवरून घर बघायची: इथून काय हाताला लागतं, काय तोंडात जातं. झोपलेल्या पोरीच्या नाकाशी बोट धरून श्वास लागतोय ना हे बघितल्याशिवाय तिला झोप येत नसे.

“ही पोरगी हाय का तिजोरी?” बाबा विचारायचे.

“तिजोरीच आहे, बाबा.”

“काय म्हणली?”

“तिजोरीच आहे!” ती ओरडून सांगायची, आणि पलीकडून लीलाबाई म्हणायच्या, “कळलं गं बाई, आम्हाला बी कळलं.”

घर एवढं बघून ठेवलेलं, पण तिनं ते सगळं गुडघ्याएवढ्या उंचीवरून बघितलं होतं. मांडी घालून बसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या हाताच्या उंचीवरून बघायचं तिच्या मनातच आलं नाही.

एप्रिल तापला. घरात वारा नव्हता, पोरीच्या मानेवर घामोळं उठलं. सम्यकनं पोरीच्या खोलीत कूलर आणला. सुलेखानं मुद्दाम प्लास्टिकचा निवडायला लावला, पोरगी हात लावील म्हणून. कूलरला रोज दोन बादल्या पाणी लागायचं. नळाच्या पाण्यात ते बसेना, तेव्हा टँकरचं पाणी घेऊन अंगणात वेगळं पिंप भरलं. रोज दुपारी सुलेखा त्या पिंपातून दोन बादल्या भरून आत न्यायची, आणि प्रत्येक खेपेला सदाफुलीच्या शेजारून जायची. आधी तिची फुलं गेली, मग खालची पानं. एप्रिलच्या शेवटी काटक्याच उरल्या. सुलेखाला दिसत होतं. “उन्हाळाच आहे,” असं मनाशी म्हणून ती पुढं जायची. मागच्या उन्हाळ्यात तरी ती हिरवी होती का, हे आठवायला ती थांबली नाही.

मे महिन्याच्या सुरुवातीला एका सकाळी बाबा खोलीतून बाहेर आले ते खुशीत.

“आज तुझी सासू लई खणखणीत गायली,” ते म्हणाले. “हाताला नुसत्या मुंग्या आल्या.”

“बरं झालं, बाबा,” सुलेखा ओरडून म्हणाली. किती दिवसांनी त्यांचा चेहरा असा दिसला होता. नवीन पेट्यांमुळे आवाज सुधारला असेल, असं तिनं सम्यकला सांगितलं, आणि सम्यकलाही बरं वाटलं. काळ्या पेटीवरचा हिरवा दिवा तर लागलेलाच होता.

बुद्धपौर्णिमेला घरात सकाळपासून गडबड होती. सम्यक पांढरा सदरा घालून विहारात मांडवाच्या कामाला गेला होता. संध्याकाळी सगळ्यांनी लेण्यांवर जायचं ठरलं होतं. वंदना झाली. मैत्रीला कूलरसमोर झोपवून सुलेखा खिरीला लागली. आज कूलरचा आवाज जरा जड येत होता, पाण्यात काहीतरी घासल्यासारखा. खीर झाली की बघू, असं तिनं ठरवलं. बाबांनी न्हाणीत हात-पाय धुतले. पंचा वाळत टाकला होता, म्हणून ते तसेच ओल्या हातापायानं खोलीत गेले. ओली पावलं फरशीवर उमटलेली तिला दिसली. पोरगी उठून घसरेल, पुसायला हवं, एवढंच तिच्या मनात आलं.

कॅसेट लागली. मनकर्णाबाईंचा आवाज आला.

“कोरडी गं विहीर, हिला बोलू नका कोणी,
लेक येईल माहेरी, हिला फुटेल गं पाणी.”

सुलेखा पळी फिरवत होती. ही ओवी सासूबाई दोनदा म्हणायच्या. दुसऱ्या वेळी “हिला बोलू नका” पाशी आवाजाखाली एक गुणगुण सुरू झाली, माशी डब्यात अडकल्यासारखी. वीज कमी-जास्त होत असेल. खीर बुडाला लागायला आली होती. तिनं गॅस बारीक केला, चव बघितली, वेलदोड्याची पूड टाकली. गुणगुण चालूच होती. मग आतून बाबांच्या पाण्याचा तांब्या पडल्याचा आवाज झाला. तो गडगडत भिंतीपर्यंत गेला, आणि त्याला कुणी उचललं नाही.

बाबांना तांब्या पडल्याचं ऐकू येणार नाही, पण दिसला तर असता.

ती दारात गेली. बाबा मांडी घालून बसले होते, रोजच्यासारखेच. उजवा हात मशीनवर. पण बोटं पत्र्याच्या कडेला आवळलेली होती, दातखीळ बसली होती, आणि उघडे डोळे समोरच्या भिंतीवरही नव्हते. हात आखडून कापत होता. टेपमधून सासूबाई गात होत्या.

सुलेखाचा हात त्यांच्या खांद्याकडे गेला. वीतभर अंतरावर तो थांबला. त्या वीतभर अंतरात तिला काय आठवलं हे ती नंतर नीट सांगू शकली नाही; कदाचित कॉलेजातली प्रयोगशाळा, कदाचित काकांचा लालसर बल्ब. ती मागं वळली, ओसरीवर धावली, चौरंग ओढून त्यावर चढली आणि मेन स्विच खाली पाडला.

कूलर थांबला. गाणं अर्ध्या शब्दावर थांबलं. बाबांचा हात सुटला आणि ते एका अंगावर पडले. तळहाताला मधोमध पांढरा, जळका वण उमटला होता.

तिनं त्यांच्या नाकाशी बोट धरलं. रोज पोरीच्या नाकाशी धरते तसं. काही लागेना. मग लागलं. अगदी बारीक.

“लीलाबाई,” तिनं हाक मारली. तिला वाटलं आवाज फुटलाच नाही, पण लीलाबाई धावत आल्या, मागून गल्ली आली. आतून मैत्री जागी होऊन रडत होती. त्या दिवशी तिला पहिल्यांदा दुसऱ्या कुणीतरी उचललं. रिक्षावाला म्हणाला, “चाचा के पैर सीधे रखो भाभी, मैं सिग्नल पे नहीं रुकता.” आणि तो खरंच घाटी दवाखान्याच्या दारापर्यंत कुठं थांबला नाही.

बाबा वाचले. चार दिवस त्यांना दवाखान्यात ठेवलं, छातीच्या ठोक्यांवर लक्ष ठेवलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर स्विच पाडला म्हणून. सगळे नातेवाईक सुलेखाला तेच म्हणत होते, “तू होतीस म्हणून.” ती मान खाली घालून उभी राहायची. लोकांना वाटायचं सूनबाई लाजते.

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी धम्मपालकाका घरी आले. त्यांनी आधी कूलर उपडा केला. आतल्या पाण्याच्या पंपाच्या वायरीचं आवरण घासून आतली तार उघडी पडली होती. सम्यक बाजूला बसून बघत होता.

“पण कूलर त्या खोलीत, काका. मशीन या खोलीत. स्टॅबिलायझर होता, पेटी होती, हिरवा दिवा होता.”

“दिवा पेटीचा व्हता, बाबा. पेटी चांगली हाय म्हणून तो लागतो. जमीन वली हाय का, त्ये त्याला काय कळणार?” काका शांतपणे म्हणाले. “घरभर अर्थिंगची तार एकच फिरती. कूलरातनं गळलेली वीज त्या तारंत उतरली. खड्डा वला असता तर जमिनीत गेली असती, फ्यूज उडाला असता, संपलं. खड्डा कोरडा. मग ती तारंत उभी राहिली. जिथं जिथं लोखंडी अंग त्या तारंला जोडलेलं, तिथं तिथं उभी राहिली. कूलर प्लास्टिकचा, म्हणून पोरगी वाचली. मशीन पत्र्याचं, आन त्यावर सांडूचा वला हात.”

मग ते अंगणात गेले, सदाफुलीच्या काटक्या उपटल्या आणि खणायला लागले. हातभर खोल गेले तरी माती पिठासारखी निघत होती. कोळशाची भुकटी झाली होती, मीठ दगडासारखं आळलं होतं. सुलेखा न्हाणीच्या भिंतीला टेकून उभी होती. ती वाट बघत होती. आता काका मान वर करतील आणि म्हणतील, मी सांगितलं होतं ना ताई.

काका मान वर करून म्हणाले, “वहिनी असताना हे कधी असं झालं नाय.”

“म्हणजे?”

“मनकर्णावहिनी. रोज टाकायच्या की पाणी. मीच सांगितलं व्हतं त्यास्नी, घर झालं तवा. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, भांडं इसळलेलं, काय बी चालतं वहिनी, नळाचंच पाहिजे असं काय नाय. नुसती वल पाहिजे.” काकांनी फावडं टेकवलं. “त्यावरच तर ही सदाफुली जगली इतकी वर्षं. तुम्हाला बी तेच सांगत व्हतो मी त्या दिवशी. तुमच्याकडं दूध उतू गेलं बहुतेक.”

दारात राहिलेलं वाक्य असं अडीच महिन्यांनी पुरं झालं.

सुलेखा आत गेली आणि मोरीसमोर उभी राहिली. रोज सकाळी तांदूळ धुऊन ती पाणी इथं ओतायची. पोरीच्या फळांचं, भाज्यांचं, डाळीचं. दिवसाकाठी बादलीभर सहज होत असेल. नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, ही सबब तिनं दवाखान्याच्या बाकावर बसून रात्रभर घट्ट धरून ठेवली होती. तीही आता मोरीतून वाहून गेली.

सम्यकला तिनं रात्री सांगितलं. तो म्हणाला, “पावसाळ्याआधी करू असं मी म्हणालो होतो. तू एकटीच का घेतेस अंगावर.” पण दोघांनी वाटून घेतल्यानं ते हलकं झालं नाही. दोघांकडेही पुरतं राहिलं.

बाबा घरी आले. हाताला पट्टी होती, बोलणं कमी झालं होतं. त्यांना सांगायला हवं होतं, आणि सांगायचं कसं हा प्रश्न होता. ऐकू न येणाऱ्या माणसाला काही कानात सांगता येत नाही. ओरडून सांगायचं तर भिंतीपलीकडे लीलाबाई, त्यांच्या पलीकडे सगळी गल्ली. तिनं दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी तिनं मैत्रीची पाटी घेतली, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि बाबांच्या मांडीवर ठेवली.

“काकांनी मला अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकायला सांगितलं होतं. मी टाकलं नाही.”

बाबा चौथीपर्यंत शिकलेले. एकेका शब्दावर बोट ठेवून त्यांनी वाचलं. डाव्या हाताचं बोट. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

“ती तिथं पाणी टाकायची, व्हय?” ते शेवटी म्हणाले. “रोज सकाळी तांदळाचं पाणी घिऊन जायची. मला वाटायचं फुलासाठी जाती. मी म्हणायचो, एवढं लाड त्या झुडपाचं, कधी माझं बी करत जा.” त्यांनी पाटीवरचं बोट उचललं. “मला कधी बोलली नाय कशासाठी ते.”

सुलेखा रडत होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं, पाटीकडे बघितलं, पण पाटी पुसली नाही. “असू दे” म्हणाले नाहीत, की “तुझी चूक नाय” असंही नाही. म्हणाले, “मुंग्या आल्या तवा मला कळाया पाहिजे व्हतं. चाळीस वर्षं मशीन चालवलं मी. पत्र्याला मुंग्या आल्या की हात काढायचा, हे पोरांना शिकवायचो.” मग पट्टी बांधलेल्या हाताकडे बघून, “मला वाटलं तीच हाय.”

पट्टी निघायला महिना गेला. तोवर काकांनी नवा खड्डा केला, नवी तांब्याची पट्टी पुरली, आणि मेनशेजारी तो आपोआप पडणारा स्विच बसवला. त्याला तपासायचं एक बटण असतं. सुलेखा दर एक तारखेला ते दाबून बघते. स्विच बसवण्याआधी काकांनी बल्ब लावून बघितला तेव्हा तो लख्ख लागला होता. काळी पेटी तीच आहे, हिरवा दिवाही तोच. सुलेखा त्याच्याकडे आता बघत नाही. मोरीजवळ तिनं एक बादली ठेवली आहे. तांदळाचं, भाजीचं, डाळीचं पाणी तिच्यात जमतं आणि संध्याकाळी खड्ड्यात जातं. लीलाबाईंनी आपल्या कुंडीतलं सदाफुलीचं रोप तिथं आणून लावलं.

हाताची पट्टी निघाली त्या सकाळी वंदना झाल्यावर बाबांनी हात धुतले, पंच्यानं कोरडे पुसले, आणि मशीनसमोर बसले. काकांनी मशीन दोनदा तपासून दिलं होतं. सुलेखा दारात उभी होती. कॅसेट लागली. बाबांनी उजवा तळहात पत्र्यावर ठेवला. वणावरची कातडी गुळगुळीत आणि गुलाबी होती.

ते वाट बघत बसले. आत सासूबाई विहिरीची ओवी म्हणत होत्या; सुलेखाला स्पष्ट ऐकू येत होती. बाबांनी हात उचलला, पुन्हा ठेवला. जरा पुढं सरकवला. मग त्यांनी मान वर करून तिला विचारलं, “चालू झालं का?”

तिनं मान हलवली. झालं.

त्यांनी उजवा हात मांडीवर घेतला आणि डावा ठेवला. डाव्याला कळत होतं, पण तो कधी मशीनवर बसलेला हात नव्हता. कुठली ओवी ते त्यांना ओळखता येईना. पाच-सहा ओव्या गेल्या. “याला शिकवावं लागंल,” ते म्हणाले. “लई हळू हाय हा.”

ते अजून शिकवतायत. सातात तीन येतात कधी, कधी दोन.

सुलेखानं हे सगळं कुणाला फारसं सांगितलं नाही. पण अलीकडे ती कुणाच्या घरी गेली की बोलता बोलता उठते आणि मागच्या खोलीत डोकावते. लोकांना ते विचित्र वाटतं. ती तिथल्या म्हाताऱ्या माणसाशी दोन शब्द बोलते, त्यांचा हात कशावर आहे ते बघते, पाय ओले आहेत का बघते, आणि परत येऊन चहा पिते.

तुमच्या घरी तिला यायला जमणार नाही. म्हणून तिचं तुमच्याकडं एक मागणं आहे. तुमच्याकडंही कुणीतरी असेल, मागच्या खोलीत, गच्चीवरच्या खोलीत, नाहीतर गावाकडच्या घरात एकटं. ज्याचा रेडिओ, टीव्ही, पंखा वर्षानुवर्षं चालू आहे म्हणून तुम्ही तिकडे बघत नाही. आज त्यांना विचारा, कुठल्या वस्तूला हात लावला की मुंग्या येतात का. ते “नाय” म्हणाले तरी तेवढ्यावर परत फिरू नका. जरा वेळ त्यांच्याशेजारी बसा आणि त्यांचा हात कुठं जातो ते बघा.